मॉर्गनचं डोकं आणि काळे खेकडे: प्रॉव्हिडेन्सिया बेटावर

बुधवार

प्रॉव्हिडेन्सिया हे कॅरिबियन समुद्रातलं, कोलंबियाच्या मालकीचं बेट, पण नकाशा उघडला तर ते निकाराग्वाच्या पुढ्यात दिसतं. निकाराग्वाचा किनारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, कोलंबियाची मुख्य भूमी सातशे किलोमीटरहून लांब. क्षेत्रफळ अवघं १७ चौरस किलोमीटर, वस्ती पाच हजारांच्या आगेमागे. बोगोटाहून आधी सान आंद्रेस या बेटावर यायचं आणि तिथून आणखी ९० किलोमीटर उत्तरेला. हा शेवटचा टप्पा विमानाने वीस-पंचवीस मिनिटांचा, कॅटामरान बोटीने तीन-साडेतीन तासांचा. जाताना बोटीला वारा आणि लाटा समोरून येतात, परतताना त्या मागून ढकलतात, त्यामुळे जाताना पोट ढवळून निघतं असं ज्याने त्याने बजावलं होतं. म्हणून जाताना विमान, येताना बोट.

विमान इतकं छोटं की चेक-इनला बॅगांबरोबर माणसांचंही वजन करतात. काउंटरवरच्या मुलीने नवऱ्याचा आकडा मोठ्याने वाचला आणि मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी मान डोलावली. मी माझ्या वेळी खोकून घेतलं.

खिडकीतून आधी प्रवाळाची भिंत दिसते. बेटाच्या पूर्व आणि उत्तर अंगाने ती सुमारे ३२ किलोमीटर पसरलीय. अमेरिका खंडातल्या मोठ्या प्रवाळभिंतींत तिची गणना होते. भिंतीबाहेर गडद निळं पाणी, भिंतीवर फेसाची पांढरी रेघ, आत हिरवा, पोपटी, दुधाळ निळा, वाळूचा पिवळसर. इथले लोक याला सात रंगांचा समुद्र म्हणतात. नवऱ्याने मोजायला घेतले आणि तेवढ्यात विमान उतरायला लागलं. मधोमध डोंगर, त्यावर ढगाचा तुकडा, पायथ्याशी पांढरी-निळी-नारिंगी घरं. सान आंद्रेस प्रवाळाचं सपाट बेट आहे; हे जुन्या ज्वालामुखीचं. डोंगर आहे म्हणून इथे ओढे आहेत, आणि ओढे होते म्हणूनच पुढचा सगळा इतिहास घडला.

आमची खोली फ्रेशवॉटर बे या वस्तीत. सात-आठ मजली हॉटेलं बेटावर नाहीतच. बेटकऱ्यांनी ती होऊ दिलेली नाहीत. लोक आपल्याच घरालगत दोन-चार खोल्या बांधतात आणि पाहुणे ठेवतात. बाहेरच्या माणसाला इथे येऊन राहायचं म्हटलं तर १९९१ पासून कडक नियम आहेत. पर्यटकालाही वेगळं कार्ड विकत घ्यावं लागतं आणि ते परत जाईपर्यंत जपावं लागतं.

घरमालकीणबाई साठीच्या. आमच्याशी इंग्रजी, मुलाशी क्रिओल ही इथली मिश्र इंग्रजी बोली, गॅसवाल्याशी स्पॅनिश. हे राइझाल लोक: इंग्रज वसाहतवाले, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी आणि जमैकाकडून आलेली माणसं यांच्या मिश्रणातून झालेला समाज, बहुतेक बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती. बाईंच्या घराची भिंत अर्धी जुनी, अर्धी नवी होती. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. १६ नोव्हेंबर २०२०च्या पहाटे आयोटा चक्रीवादळ बेटाला जवळजवळ घासून गेलं. चौथ्या श्रेणीचं वादळ. बेटावरच्या ९८ टक्के बांधकामांचं नुकसान झालं. "छप्पर गेलं तेव्हा आम्ही बाथरूममध्ये होतो. सगळ्या गावाने ती रात्र बाथरूममध्येच काढली. तेवढीच स्लॅबची खोली." मग त्या उठल्या आणि जेवण आणलं.

जेवण म्हणजे रोंडोन. नारळाच्या घट्ट रसात मासे, शंखातल्या प्राण्याचं मांस, कंदमुळं, हिरवी केळी आणि पिठाचे गोळे एकाच पातेल्यात शिजवतात. त्यात नीरफणसाच्या फोडी होत्या. कोकणातल्या माणसाला नीरफणसाची ओळख करून द्यायला नको, पण तो इथे कसा आला ते कळल्यावर घास जरा अडतो: १७९३ साली विल्यम ब्लाय या इंग्रज कप्तानाने ताहितीहून त्याची रोपं कॅरिबियनमध्ये आणली, ती मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून.

गुरुवार

सांता इसाबेल हे बेटाचं मुख्य गाव: बँक, चर्च, दोन-तीन दुकानं, धक्का. गावाच्या टोकाला लाकडी, रंगीत, पाण्यावर तरंगणारा पूल. आयोटाने तो मोडला होता, पुन्हा उभा केलाय. पलीकडे सांता कॅटालिना नावाचं इवलंसं बेट, तिथे रस्ताच नाही. सगळं पायी. मधल्या पाण्याला ऑरी खाडी म्हणतात. सांता कॅटालिना पूर्वी मोठ्या बेटाला जोडलेलं होतं आणि बचावाला सोपं पडावं म्हणून दर्यावर्दी लोकांनी मधली जमीन खणून काढली, असं पुलावर गळ टाकून बसलेला प्रत्येक जण सांगतो. सतराव्या शतकातल्या वर्णनात दोन बेटं आणि मधला पूल असाच उल्लेख आहे.

इथे चाच्यांची गोष्ट ऐकायला आलेल्या माणसाला आधी धर्मनिष्ठ लोकांची गोष्ट ऐकावी लागते. १६३० साली लंडनमध्ये प्रॉव्हिडन्स आयलंड कंपनी निघाली. मागे कट्टर प्युरिटन, म्हणजे धर्म शुद्ध करायला निघालेल्या इंग्रज प्रोटेस्टंट पंथाचे सरदार आणि धनिक: वॉरिकचे अर्ल, आणि खजिनदार जॉन पिम, जे पुढे पार्लमेंटात राजा पहिल्या चार्ल्सविरुद्ध उभे राहिले. १६३१ साली 'सीफ्लॉवर' नावाच्या जहाजातून वसाहतवाले आले. नवी, शुद्ध, देवाच्या वाटेने चालणारी वसाहत उभी करायची होती. पण ही जागा त्यांना सुचवली कोणी? डॅनियल एल्फ्रिथ नावाच्या कप्तानाने, ज्याची हयात स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजं लुटण्यात गेली होती. १६१९ साली व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदिवान उतरले, ते ज्या पोर्तुगीज जहाजावरून पळवले होते त्यावर छापा घालणाऱ्या दोन जहाजांपैकी एकाचा कप्तान हाच. म्हणजे भक्तांना जागा दाखवणारा वाटाड्याच लुटारू होता.

तंबाखू आणि कापूस लावून पाहिला, फारसं हाती लागलं नाही. मग गुलाम आले. सॅम्युएल रिशवर्थ नावाच्या एका वसाहतवाल्याने ख्रिस्ती बेटावर माणसं गुलाम ठेवणं बरोबर नाही असं म्हटलं, तर कंपनीने त्यालाच झापलं. १६३८ साली इथल्या गुलामांनी बंड केलं. इंग्रज वसाहतींतलं पहिलं गुलामांचं बंड म्हणून इतिहासकार त्याची नोंद घेतात. दरम्यान १६३५ साली स्पेनने हल्ला केला, तो परतवला गेला, आणि त्याचा बदला म्हणून कंपनीला स्पॅनिश जहाजं लुटायचा राजाचा परवाना मिळाला. तिथून शेती मागे पडली. लूट आता कायदेशीर होती, नफ्याची होती, आणि स्पॅनिश कॅथलिक असल्यामुळे पुण्याचीही. १६४०च्या दुसऱ्या हल्ल्यात शरण आलेल्या स्पॅनिश कैद्यांना इथल्या इंग्रज अधिकाऱ्याने ठार करवलं. दुसऱ्या वर्षी फ्रान्सिस्को दियास पिमियेंता मोठं आरमार घेऊन आला आणि त्याने वसाहत संपवली. जेमतेम दहा-अकरा वर्षांचा खेळ.

त्या कंपनीची आठवण म्हणून डोंगराच्या सोंडेवर फोर्ट वॉरिक उरलाय. किल्ला म्हणायला जीव धजत नाही. दगडी जोतं, गंजलेल्या तोफा, त्यांच्या तोंडात वाळलेली पानं. पण उभं राहून पाहिलं की जागा निवडणाऱ्याला दाद द्यावी लागते. बंदराचं तोंड इथून पूर्ण माऱ्यात येतं. तोफेच्या नळीवर एक सरडा ऊन खात बसला होता, मानेपासून शेपटीपर्यंत निळा.

किल्ल्यावरून पायऱ्या उतरून एका छोट्या पुळणीवर जाता येतं आणि तिथून पुढे झाडीतून वाट मॉर्गनच्या डोक्याकडे. हा काळा ज्वालामुखी खडक. पाण्यातून पाहिलं तर बाजूने कपाळ, नाक, हनुवटी दिसते. जवळच मॉर्गनची गुहा आहे, त्यात अर्थातच खजिना आहे, आणि तो अर्थातच अजून कोणाला सापडलेला नाही.

मॉर्गन म्हणजे हेन्री मॉर्गन, वेल्समधला. १६६६ साली एडवर्ड मान्सवेल्ट या म्होरक्याने स्पॅनिशांकडून हे बेट हिसकावलं, शंभरेक माणसं ठेवून गेला, आणि काही महिन्यांतच स्पॅनिशांनी ते परत घेतलं. डिसेंबर १६७० मध्ये मॉर्गन आला, सुमारे ३६ जहाजं आणि अठराशेच्या वर माणसं घेऊन. बेटावर स्पॅनिश शिबंदी दोनशेच्याही आत. स्पॅनिश अधिकाऱ्याने निरोप पाठवला: शरण येतो, पण माझी अब्रू राहील असं करा. मग ठरवून लढाईचं नाटक झालं. रात्री दोन्हीकडून भरपूर तोफा-बंदुका उडाल्या, कोणालाही लागणार नाही अशा बेताने, आणि बेट रीतसर 'जिंकलं' गेलं. त्या मोहिमेत असलेल्या एका शस्त्रवैद्याने हे लिहून ठेवलंय. आमचा वाटाड्या वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने हा प्रसंग दोन्ही बाजूंचे आवाज काढून करून दाखवला. त्यात स्पॅनिश गव्हर्नरचं काम फार छान वठलं.

इथूनच तुकडी पुढे जाऊन तिने पनामातल्या चाग्रेस नदीच्या मुखावरचा किल्ला घेतला आणि जानेवारी १६७१ मध्ये मॉर्गन पनामा शहरावर पोहोचला. शहर जळालं. लूट वाटली गेली तेव्हा माणशी सुमारे २०० नाणी हाती आली, लोक चिडले, आणि मॉर्गन काही जहाजं घेऊन गुपचूप निघून गेला.

वाटाड्या सतत "सर हेन्री, सर हेन्री" करत होता, आणि माझं माहेर पडलं कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागचं. मॉर्गन जमैकाच्या गव्हर्नरचा परवाना घेऊन निघाला होता. पण त्या आधी काही महिने, जुलै १६७० मध्येच इंग्लंड आणि स्पेन यांचा माद्रिदचा तह झाला होता. म्हणजे परवाना शिळा. लंडनला नेलं, चौकशी झाली, आणि १६७४ साली त्याला 'सर' करून जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवलं. १६८८ साली तो मळ्यांचा मालक म्हणून मेला. आता आपल्याकडे या. कान्होजी आंग्रे छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, न घेता कोकणच्या पाण्यातून जाणारं जहाज ते धरत, आणि दस्तक मराठी राज्याच्या अधिकारात दिलेलं असे. मुंबईकर इंग्रजांनी त्यांना आयुष्यभर चाचा म्हटलं. १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, तरी चाचा ते चाचाच. अलिबागेत त्यांच्या समाधीवरून माझी शाळेची वाट होती, त्यामुळे हा राग माझा जुना आहे.

"अगं, त्याला कशाला सांगतेस हे सगळं?" नवरा मराठीत म्हणाला.

पण मुलाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या अ‍ॅडमिरलच्या नावाचा खडक आहे का?"

म्हटलं, खडक नाही, किल्ले आहेत.

शुक्रवार

सकाळी होडी. बेटाच्या ईशान्येला मॅकबीन लगून नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ साली घोषित झालेलं. त्यात खारफुटी, लगूनचं उथळ पाणी, प्रवाळ आणि क्रॅब के नावाचा टेकडीवजा बेटुकला. खारफुटीचं आयोटाने फार नुकसान केलं. राखाडी, वाळकी खोडं पाण्यात उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी लोकांनी लावलेली नवी रोपं, गुडघाभर ते छातीभर उंचीची. होडीवाला रोपांजवळून जाताना इंजिन अगदी हळू करायचा.

क्रॅब केवर तिकीट काढून उतरायचं. पाच मिनिटांत माथा. वरून खाली बघितलं की विमानातून दिसलेले सगळे रंग पायाखाली येतात, फक्त आता त्यांत कासवं दिसतात. आम्ही धक्क्यावरून पाण्यात उतरलो आणि टेकडीला वळसा घालून पोहत गेलो. मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ, पंख्यासारखा जांभळा प्रवाळ लाटेबरोबर झुलतो, पोपटमासे चोचीने खडक खरवडतात आणि तो आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, कुरकुर कुरकुर. ही पांढरी वाळू बरीचशी त्यांच्याच पोटातून येते. एक हिरवं कासव माझ्या खालून गेलं, घाई नाही, लक्ष नाही. मी त्याच्या मागे जायचा मोह आवरला, कारण होडीवाल्याने आधीच दम दिला होता.

पुढे थ्री ब्रदर्स नावाचे खडक. तिथे फ्रिगेट पक्ष्यांची वसाहत. काळे, लांब पंखांचे, दुभंगलेल्या शेपटीचे. हे पक्षी दुसऱ्या पक्ष्यांनी पकडलेला मासा हवेतच हिसकावून घेतात. नवऱ्याला यांच्याकडे कुठल्या राजाचा परवाना आहे हे जाणून घ्यायचं होतं.

होडीवाला मूळचा मासेमार. त्याच्या बोलण्यात एक तारीख परत परत यायची, १९ नोव्हेंबर २०१२. त्या दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की बेटं कोलंबियाची, पण भोवतालच्या समुद्राचा मोठा भाग निकाराग्वाचा. "माझ्या आजोबांचं मासे धरायचं पाणी आता परदेश झालं," तो म्हणाला. २००० साली युनेस्कोने या सगळ्या समुद्राला सीफ्लॉवर जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली तेव्हा ते सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचं होतं. त्यालाही नाव त्याच प्युरिटन जहाजाचं. न्यायालयाने पाण्यावर ओढलेली रेघ या क्षेत्राच्या मधून गेली. मासे आणि कासवं दोन्हीकडे हिंडतात, होड्यांना ते जमत नाही.

संध्याकाळी पाऊस आला, मोसमातला पहिला जोराचा. घरमालकीणबाई म्हणाल्या, आज रात्री झोपू नका.

इथला काळा खेकडा जमिनीवरचा. वर्षभर डोंगरातल्या जंगलात राहतो, पानं-फळं खातो. पावसाळा सुरू झाला की माद्या पोटाखाली अंडी घेऊन डोंगर उतरतात, समुद्रात अंडी सोडतात आणि पुन्हा वर जातात. एप्रिल ते जुलै त्यांना पकडायला बंदी, आणि खेकडे उतरायला लागले की त्या भागातला रस्ता रात्री गाड्यांना बंद करतात. बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता आहे, त्यामुळे तो बंद म्हणजे बंदच.

नऊच्या सुमारास आम्ही टॉर्च घेऊन अडथळ्यापर्यंत चालत गेलो. आधी आवाज आला. ओल्या पाचोळ्यात हजार जणांनी एकदम कागद चुरगाळावा तसा. मग टॉर्चच्या उजेडात रस्ताच सरकताना दिसला. काळपट जांभळी पाठ, लालसर पाय, वर उचललेले डोळे. कोणी एकमेकांवरून चढतंय, कोणी गटारात पडून पुन्हा वर येतंय, एक मादी माझ्या चपलेवर चढली, थांबली, उतरली आणि चालू लागली. घरांच्या दारात लोक केरसुण्या घेऊन बसले होते; पायरी चढू पाहणाऱ्या खेकड्याला हळूच ढकलून पुन्हा रस्त्याला लावत. एक पोलीस पायाखाली बघत, पाय घासत, म्हातारीसारखा चालत होता. समुद्राच्या कडेला पोहोचलेल्या माद्या ओल्या खडकाला घट्ट धरून अंग थरथरवतात आणि लाट आली की अंडी सुटतात. काही लाटेबरोबर वाहूनही जातात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं काही आठवडे समुद्रात वाढतात. एखाद्या वर्षी ती नखाएवढी होऊन इतक्या संख्येने परत येतात की किनारा लाल दिसतो, असं बाईंनी सांगितलं. आम्ही बारा वाजेपर्यंत तिथेच होतो. मॉर्गन, प्युरिटन, पनामा सगळं खरं, पण या बेटावर दरवर्षी नेमाने चालून येणारी फौज हीच, आणि तिच्यासाठी रस्ता मोकळा करून देतात हे मला फार आवडलं.

शनिवार

साउथवेस्ट बे. लांब, रुंद, तांबूस वाळूची पुळण आणि मागे नारळ. शनिवारी दुपारी इथे घोड्यांच्या शर्यती होतात. ओहोटीला वाळू घट्ट झाली की दोन-दोन घोडे सोडतात. खोगीर नाही, स्वार पोरसवदा, अनवाणी. आठवडाभर नोकरी-धंदा करणारे शांत लोक त्या वेळी काय ओरडतात! पैजा लागतात. पलीकडे मँडोलिन, टबाला काठी-दोरी लावून केलेलं खर्जाचं वाद्य आणि घोड्याचा वाळलेला जबडा घेऊन तिघे जण वाजवत होते. जबड्यावर मूठ आपटली की सैल दात खुळखुळतात. शर्यत हरलेल्या घोड्याच्या मालकाने त्या वाद्याकडे बोट दाखवून आपल्या घोड्याला काहीतरी सुनावलं आणि सगळे हसले.

दक्षिणेची मँचिनील बे त्याहून सुंदर, पण नाव ज्या झाडावरून पडलं ते ओळखून ठेवा. मँचिनीलची फळं छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी, वास गोड आणि विषारी. चीक कातडीला लागला की फोड येतात. पावसात या झाडाखाली उभं राहिलं तरी ठिबकणारं पाणी भाजतं. सावली बघून चादर अंथरायची आपली सवय इथे सोडायची.

रविवार

सकाळी सगळं बेट चर्चमध्ये. दारं उघडी, पांढरे कपडे, मोठ्या टोप्या, इंग्रजी भजनं. फिलिप बीकमन लिव्हिंग्स्टन हे बॅप्टिस्ट पाद्री इथलेच. १८३४ साली ते परत आले आणि त्यांनी आईच्या मालकीच्या गुलामांना मुक्त केलं. पुढे सान आंद्रेसला बॅप्टिस्ट चर्च उभं केलं आणि लोकांना लिहायला-वाचायला शिकवलं. कोलंबियाने गुलामगिरी बंद करणारा कायदा केला तो १८५१ साली.

आम्ही चर्चचा आवाज ऐकत बॉटम हाउस वस्तीतून डोंगर चढायला लागलो. द पीक, उंची ३६० मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण समुद्रसपाटीपासून सुरुवात आणि हवेत इतका ओलावा की दीड तासात शर्ट पिळून काढावा. आयोटाने जंगल अक्षरशः सोलून काढलं होतं. आता वेलींनी आणि नव्या फुटव्यांनी ते पुन्हा भरत चाललंय, तरी जुने उंच बुंधे मधून मधून शेंडा नसलेले उभे दिसतात. एका काटेरी झुडपाजवळ वाटाड्याने हात धरून बाजूला ओढलं. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे आणि आतून पोकळ. त्यात मुंग्या राहतात आणि झाडाला हात लावणाऱ्याचा समाचार घेतात. झाड त्यांना घर देतं, त्या राखण करतात.

माथ्यावरून बेटाचं सगळं गणित उलगडतं. पूर्व-उत्तरेला प्रवाळाची भिंत, तिच्यात मोजक्याच फटी. वाट माहीत नसलेलं जहाज फुटणारच. वायव्येला सांता कॅटालिनाच्या आडोशाचं बंदर. प्यायला ओढ्याचं पाणी, टेहळणीला हा डोंगर. आणि मोक्याची गोष्ट म्हणजे मुख्य भूमीवरच्या पोर्टोबेलो आणि कार्ताहेना या बंदरांतून चांदी घेऊन हवानाकडे निघणारी स्पॅनिश जहाजं याच बाजूच्या समुद्रातून जात. असं बेट कोणाच्या ना कोणाच्या हाती सारखं पडतच राहणार.

शेवटचा गडी लुई-मिशेल ऑरी, खाडीला ज्याचं नाव आहे तो. फ्रेंच. १८१८ साली त्याने बेट घेतलं आणि इथून स्पॅनिश जहाजांवर छापे घातले. त्याच्याकडे ब्वेनोस आयरेस आणि चिली अशा दोन ठिकाणच्या बंडखोर सरकारांचे परवाने होते. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हार याला मात्र तो नको होता. १८२१ साली तो इथेच मेला, घोड्यावरून पडून असं सांगतात, आणि पुढच्या वर्षी बेटं ग्रान कोलंबियात, म्हणजे आजच्या कोलंबिया, व्हेनेझुएला वगैरेंच्या तेव्हाच्या एकत्र देशात, सामील झाली. ऑरीच्या माणसांत आगुस्तीन कोदास्सी नावाचा एक इटालियन होता. त्याने पुढे व्हेनेझुएला आणि कोलंबियाचे नकाशे काढले आणि आज कोलंबियाच्या सरकारी नकाशासंस्थेला त्याचंच नाव आहे. लुटीच्या धंद्यातून बाहेर पडून काय काय होता येतं याची यादी मॉर्गनपाशी संपत नाही.

उतरताना नवऱ्याचा गुडघा कुरकुरला, त्यामुळे दुपार हॅमॉकमध्ये गेली. मीही काही केलं नाही.

सोमवार

परतीची बोट. लाटा मागून होत्या तरी निम्म्या लोकांनी पिशव्या वापरल्या, तेव्हा गोळी घेऊनच चढावं. धक्क्यावर पर्यटक कार्ड पाहतात.

जाणार असाल त्यांच्यासाठी थोडं. रोख पेसो सान आंद्रेसहून काढून न्या. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. बेट फिरायला स्कूटर पुरते. इंग्रजी कळतं, पण बोलणारा क्रिओलवर गेला की तुम्ही संपलात. शाकाहारी माणसाची पंचाईत नाही, मात्र आधी सांगावं लागतं: नारळातला भात, तळलेली केळी, नीरफणस आणि राजमा मिळतो. शांत समुद्र आणि कोरडी हवा हवी असेल तर मार्च-एप्रिल, खेकडे हवे असतील तर मे-जून आणि भिजायची तयारी. सप्टेंबर ते नोव्हेंबर वादळांचे महिने, ते टाळा. छोट्या विमानाच्या जागा फार आधी संपतात, आणि बोट सुटणार की नाही हे पुष्कळदा आदल्या संध्याकाळी समुद्र बघून ठरतं. त्यामुळे सान आंद्रेसहून पुढचं विमान त्याच दिवशीचं काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा.